ठेवीचा राखणदार

आपल्या महाराष्ट्रांतील आडनांवांवरून सहज दृष्टि फिरविली, तरी एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. किल्लेदार, पोतनीस, जामदार, कोठारी, दफ्तरदार, चिटणीस अशीं किती तरी घराणीं पूर्वजांच्या अधिकाराचें नांव अद्यापि चालवीत आहेत. या सर्व अधिकारांत एक सूत्र समान होतें. यांपैकीं कोणीहि स्वतःच्या वस्तूचा रक्षक नव्हता. किल्ला राजाचा, तिजोरींतील नाणें सरकारचें, जामदारखान्यांतील जवाहीर धन्याचें, कोठारांतील धान्य रयतेच्या घामाचें. त्या त्या अधिकाऱ्याच्या हातीं होती ती केवळ किल्ली. किल्ला फितुरीनें जातो, तसाच तो पेंगलेल्या पहाऱ्यामुळेंहि जातो. १६७३ सालीं कोंडाजी फर्जंदानें अवघ्या साठ माणसांनिशीं रात्रीच्या वेळीं पन्हाळा सर केला, ही गोष्ट आपण शाळेंत मोठ्या अभिमानानें शिकतों व शिकवितों. परंतु त्याच गोष्टीकडे त्या गडावरील पहारेकऱ्यांच्या बाजूनें पाहण्याचें आपल्या मनांत सहसा येत नाहीं.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असाच एक नवा अधिकार आपल्या समाजांत उत्पन्न झाला आहे. त्यास इंग्रजींत सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, व आपल्या बोलण्यांत तो नुसता 'ॲडमिन' झाला आहे. बँक, इस्पितळ, शाळा, नगरपालिका, विद्यापीठ, वीजमंडळ, यांच्या संगणकांच्या किल्ल्या आज याच्या हातीं आहेत. या अधिकारास अजून आडनांव लाभलेलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर योग्य तो मानहि लाभलेला नाहीं. सर्व सुरळीत चाललें असतां हा मनुष्य कोणास आठवत नाहीं, आणि बिघडलें म्हणजे प्रथम यासच बोल लागतो. या मनुष्याचा धर्म कोणता, व त्याच्याविषयीं आपला धर्म कोणता, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं करण्याची वेळ आली आहे, असें मला वाटतें.

मी जन्मभर संस्कृत शिकविलें. शब्दरूपें व समास यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें संगणकाच्या गोष्टी सांगूं नयेत, असें कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर इतकेंच कीं, माझी पुतणी पुण्यास एका कंपनींत हेंच काम करिते, आणि निवृत्तीनंतर मला लाभलेल्या अवकाशांत मीं तिला इतके प्रश्न विचारले आहेत कीं, माझ्या कोणत्याहि विद्यार्थ्यानें मला तितके कधीं विचारले नसतील. पुढें जें लिहीत आहें, त्यांतील समजूत तिची आहे. विस्तार तेवढा माझा.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगतों. आपण मोबाइलवर बँकेचें पान उघडतों, किंवा मुलाचा परीक्षेचा निकाल पाहतों. तें पान मोबाइलमध्यें नसतें. दूर कोठें तरी, यंत्रानें थंड राखलेल्या खोलींत, अहोरात्र जागा असणारा एक संगणक आपली मागणी ऐकतो व तें पान पाठवून देतो. त्या संगणकास सर्व्हर, म्हणजे सेवक, म्हणतात. आमच्या बीड शहरालगत सोळाव्या शतकांत निजामशाहीच्या काळीं बांधलेली खजाना विहीर आहे. जमिनीखालील दगडी नळांतून तिचें पाणी शेतांना जातें. ज्याच्या शेतांत पाणी येतें, त्यास पाट दिसतो. भूमीच्या पोटांतील नळ त्यास दिसत नाहींत. तो नळ कोठें चिंबला, कोठें त्यांत मुळ्या शिरल्या, हें पाहणारा कोणी नसेल तर एके दिवशीं पाट कोरडा पडेल, आणि त्याहून वाईट म्हणजे घाण पाणी येईल. सर्व्हरची गोष्ट अशीच आहे. भेद इतकाच कीं, विहिरीपाशीं येणारीं माणसें पंचक्रोशींतील असतात, आणि सर्व्हरच्या दारापाशीं सारें जग येऊं शकतें.

किंबहुना सारें जग येऊं शकावें म्हणूनच तो मांडलेला असतो. दुकानाचें दार लावून दुकान चालत नाहीं. म्हणून या रखवालदाराचें काम किल्लेदाराहूनहि कठीण झालें आहे. किल्लेदारास संध्याकाळीं दरवाजा बंद करून अडणा घालतां येत असे. यास दार सदैव उघडें ठेवून, आलेल्या असंख्य माणसांतून चोर ओळखावयाचा आहे. आणि चोर एक एक दार निवडून हिंडतात असेंहि नाहीं. त्यांनीं स्वयंचलित कार्यक्रम लिहून सोडलेले असतात. ते रात्रंदिवस जगांतील प्रत्येक पत्त्यावर जाऊन कडी हालवून पाहतात. नवा सर्व्हर जाळ्यांत जोडल्यावर थोड्याच वेळांत त्याच्या दारावर अशा थापा पडूं लागतात. “आमच्याजवळ चोरण्यासारखें आहे काय?” असें जे विचारतात, त्यांस ही गोष्ट ठाऊक नसते. कडी हालविणाऱ्यास घर कोणाचें हें पाहावयाचेंच नसतें. घरांत कांहीं न मिळाल्यास त्याच घरांत दबा धरून शेजाऱ्याकडे जावयास त्यास तें उपयोगी पडतें.

२०२१ च्या डिसेंबरांत आमच्या घरीं पुतण्याचें लग्न होतें. मांडव पडला होता, पाहुण्यांनीं घर भरलें होतें, आणि १० तारखेस, शुक्रवारीं, पुतणी पुण्याहून आली ती संगणकाची पिशवी खांद्यावर घेऊनच. रात्रीं जेवणें आटोपल्यावर बायका रुखवताच्या तयारीस बसल्या, आणि ही माजघराच्या कोपऱ्यांत संगणक उघडून बसली. मध्यरात्र उलटून गेली तरी तिची मान वर होईना. मीं म्हटलें, “अगं, लग्नघरांत तरी हें बाजूला ठेव. दोन दिवसांनीं काय बिघडणार आहे?” ती म्हणाली, “काका, तुम्ही झोपा. चोराला आपल्या घरचा मुहूर्त बरोबर ठाऊक असतो. सुटी आणि लग्नकार्य हाच त्याचा दिवस.” घरांतील वडीलधाऱ्यांस तें बोलणें उद्धटपणाचें वाटलें. नोकरीपुढें नातें नाहीं, असेंहि कोणी पुटपुटलें. खरी हकीकत मला मागाहून कळली.

जावा नांवाच्या संगणकीय भाषेंत लिहिलेल्या असंख्य कामांत लॉगफोरजे नांवाचा एक लहानसा भाग वापरलेला असतो. त्याचें काम रोजनामा लिहिण्याचें. दाराशीं कोण आलें, काय बोललें, काय मागितलें, तें लिहून ठेवावयाचें. त्या भागांत एक खोट निघाली. आलेल्यानें विशिष्ट सांकेतिक वाक्य उच्चारलें, तर हा कारकून तें लिहून न ठेवतां त्याची आज्ञाच पाळूं लागे. बाहेरून सांगितलेला कार्यक्रम आणून तो घरांत चालवूं लागे. वाचकांनीं कल्पना करावी, कीं कचेरीच्या देवडीवरील कारकून इतका भोळा आहे, कीं “तिजोरी उघड” एवढें वहींत लिहावयास सांगितलें असतां तो उठून तिजोरीच उघडतो! या दोषाची बातमी ९ व १० डिसेंबरच्या सुमारास जगभर झाली. दोषांची तीव्रता मोजण्याचें जें प्रमाण आहे, त्यांत यास दहांपैकीं दहा गुण मिळाले. पहिली दुरुस्ती निघाली ती अपुरी ठरली. पंधरवड्याच्या आंत तिच्यावर आणखी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. जगांतील लक्षावधि सर्व्हरांवर तो भाग कोठें कोठें दडला आहे, हें शोधण्यांतच अनेकांच्या रात्री गेल्या. त्यांतील दोन रात्री आमच्या माजघरांत गेल्या. तिसऱ्या दिवशीं ती करवली म्हणून मिरवली, तेव्हां तिचे डोळे लाल झालेले मीं पाहिले आहेत.

येथें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो लॉगफोरजे भाग लिहिणारे व संभाळणारे बहुतेक जण स्वयंसेवक होते. मोठमोठ्या कंपन्या ज्या तुळईवर उभ्या होत्या, ती तुळई कांहीं लोक आपल्या फावल्या वेळांत विनामूल्य तासून देत होते. ही स्थिति फारशी बदललेली नाहीं. जगाचा व्यवहार किती थोड्यांच्या जागरणावर चालतो, हें यावरून दिसेल.

सुटीचा दिवस चोर निवडतो, हें पुतणीचें म्हणणें किती यथार्थ आहे, याचें उदाहरण आपल्या पुण्यासच घडलें आहे. कॉसमॉस बँक ही १९०६ सालीं स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. महाराष्ट्रांतील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचीं खातीं तेथें पिढ्यान् पिढ्या आहेत. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशीं जगांतील २८ देशांतल्या एटीएम यंत्रांपाशीं बनावट कार्डें घेऊन माणसें उभीं राहिलीं. सुमारें बारा हजार व्यवहारांत ७८ कोटि रुपये बाहेर गेले, आणि हिंदुस्थानांतील यंत्रांतून, त्यांत आपल्या कोल्हापुरांतीलहि होतीं, अडीच कोटि काढले गेले. सोमवारीं, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशपद्धतीचा दुरुपयोग करून आणखी १३ कोटि ९२ लक्ष रुपये हाँगकाँगच्या एका बँकेंतील खात्यांत धाडण्यांत आले. एकूण ९४ कोटि ४२ लक्ष. पुढें २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळानें आपल्या अहवालांत या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशीं जोडला. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें येथील अकरा जणांस दोषी ठरविलें. परंतु ते पैसे काढणारे व त्यांस साह्य करणारे होते. सूत्रें हालविणारे दूरच राहिले.

ही चोरी कशी झाली तें लक्षांत घेण्याजोगें आहे. एटीएमपाशीं कार्ड घातलें, कीं “या मनुष्यास इतके पैसे द्यावे काय?” असा प्रश्न एका मधल्या यंत्राच्या द्वारें बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जातो, आणि तेथून होकार अगर नकार येतो. चोरांनीं त्या मधल्या यंत्राच्या जागीं आपलें एक बनावट यंत्र, म्हणजे खरें पाहतां एक कपटी कार्यक्रम, उभें केलें. प्रश्न मुख्य हिशेबाकडे गेलाच नाहीं. मध्येंच हा तोतया “द्यावे” असें उत्तर देत राहिला. खातेदारांच्या खात्यांतून पैसे वजा झाले नाहींत. त्यांच्या ठेवी सुरक्षित आहेत असें बँकेनें जाहीर केलें, तें खरेंच होतें. नुकसान बँकेचें झालें. पण पुराणांतील मायावी राक्षस जसा द्वारपालाचें रूप घेऊन उभा राहतो, तसाच हा प्रकार. अशी माया एका दिवसांत उभी राहत नाहीं. चोर आधीं घरांत शिरलेले असतात, वावरतात, चालरीत पाहतात. म्हणून रखवालदारानें दारावरच नव्हे, तर घरांतील हालचालीवरहि डोळा ठेवावा लागतो.

मोठ्या बँकेची गोष्ट वाचून मनुष्य चकित होतो, पण ती लवकर विसरतो. लहान संस्थेची गोष्ट मात्र मला विसरतां येत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील कित्येक लक्ष माणसें दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड गाडींत घालावयाचें, आणि पांच-सहा महिने कारखान्याच्या परिसरांत कोप्यांमध्यें राहावयाचें. मुलें आजी-आजोबांपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. एका तालुक्याच्या गांवच्या शाळेनें कांहीं वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें आपलें संकेतस्थळ तयार करून घेतलें होतें. त्यावर स्नेहसंमेलनाचीं चित्रें होतीं, सुविचार होते, आणि शिष्यवृत्तीच्या कामासाठीं चढविलेली विद्यार्थ्यांची एक यादीहि होती. तींत मुलाचें नांव, इयत्ता, पालकाचा दूरध्वनि आणि बँकेच्या खात्याचा क्रमांक होता.

माघ महिन्याच्या सुमारास त्या यादींतील पालकांस दूरध्वनि येऊं लागले. बोलणारा शुद्ध मराठींत बोले. मुलाचें नांव, इयत्ता, वर्गशिक्षकांचेंहि नांव सांगे. “शिष्यवृत्ति जमा करावयाची आहे, मोबाइलवर आलेला आंकडा सांगा.” एक माउली, जिचा नवरा दोन वर्षांपूर्वीं वारला होता व जी दिराच्या कोयत्याबरोबर तोडीस गेली होती, तिनें तो आंकडा सांगितला. शाळेखेरीज दुसऱ्या कोणास आपल्या मुलाची एवढी माहिती असेल, असें तिला कां वाटावें? उचलींतून मागें टाकलेले बावीस हजार रुपये तिच्या खात्यांतून गेले. ती बाई माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची वहिनी. म्हणून मला हें कळलें. त्यानें १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदविली, पण तोंवर दोन दिवस लोटले होते, आणि पैसे अनेक खात्यांतून फिरून नाहींसे झाले होते. उचल मात्र फेडावयाचीच होती. ती त्या हंगामानंतर दुसऱ्याहि हंगामास गेली, आणि मुलास बरोबर घेऊन गेली. वर्गांत पहिल्या पांचांत येणारा मुलगा त्या वर्षीं कोयता धरावयास शिकला.

पुतणीला मीं ही हकीकत कळविली. तिनें पाहिलें, तों ती यादी त्या संकेतस्थळाच्या एका उघड्या कप्प्यांत पडलेली. कुलूप फोडण्याचें कारणच नव्हतें. कुलूपच नव्हतें. तिनें शाळेस तत्काळ कळवून ती काढावयास लावली. मग चौकशी झाली. मुख्याध्यापक म्हणाले, तें काम समितीचें. समिति म्हणाली, ठेकेदाराचें. ठेकेदार म्हणाला, आम्हीं बांधून दिलें, राखण्याचें ठरलेंच नव्हतें. ज्या तरुणानें तें बांधलें, तो दोन वर्षांपूर्वींच दुसरीकडे गेला होता; त्याच्या नांवाची किल्ली मात्र अजून चालत होती. परवलीचा शब्द म्हणजे शाळेचें नांव व पुढें एक-दोन-तीन. आणि आंतील कार्यक्रमास, तो बसविल्या दिवसापासून, एकहि दुरुस्ती लागलेली नव्हती. त्या साऱ्यांत दुष्ट असा एकहि मनुष्य मला आढळला नाहीं. सर्व सज्जन, सर्व कामसू. फक्त “हें माझें काम” असें म्हणणारा कोणी नव्हता.

आतां या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें कोणतीं, तें पाहूं. पहिलें म्हणजे दुरुस्त्या वेळच्या वेळीं लावणें. घराचीं कौलें पावसापूर्वीं चाळतात, पाऊस पडूं लागल्यावर नव्हे. अमेरिकेंतील इक्विफॅक्स नांवाच्या पतनोंदणी करणाऱ्या कंपनीस मार्च २०१७ मध्यें एका दोषाची सूचना मिळाली होती. दुरुस्तीहि तयार होती. कंपनीत ती सूचना वांटली गेली, पण एका सर्व्हरावर दुरुस्ती लागलीच नाहीं, आणि ती लागली किंवा नाहीं याची खातरजमा झाली नाहीं. मे महिन्यांत चोर शिरले, ते जुलैअखेर सांपडले. घरांतील वाहतूक तपासणारें एक यंत्र होतें, तें त्याचें प्रमाणपत्र मुदतबाह्य झाल्यामुळें महिनोन् महिने आंधळें होतें. सुमारें १४ कोटि ७० लक्ष माणसांची खाजगी माहिती गेली. सूचना पाठविणें म्हणजे काम करणें नव्हे, हा धडा सर्वच कचेऱ्यांनीं घेण्यासारखा आहे.

दुसरें कर्तव्य किल्ल्यांचें. ज्यास जेवढ्या खोलीचें काम, त्यास तेवढीच किल्ली द्यावी. साऱ्या वाड्याची एकच किल्ली दहा जणांस देऊं नये. मनुष्य नोकरी सोडून गेला, कीं त्याच दिवशीं त्याची किल्ली रद्द करावी. मुख्य किल्लीस दुहेरी कुलूप असावें. म्हणजे परवलीचा शब्द चोरास कळला तरी दुसऱ्या खुणेवांचून दार उघडूं नये. ज्या दारांचा उपयोग नाहीं, तीं चिणून टाकावीं. तिसरें, प्रतींचें. सर्व माहितीची प्रत निराळ्या ठिकाणीं, मूळ यंत्राशीं न जोडलेली, ठेवावी. आणि तिच्यावरून पुन्हां उभारणी करतां येते कीं नाहीं, हें अधूनमधून करून पाहावें. आजकाल माहिती कुलुपांत घालून खंडणी मागणारे चोर निघाले आहेत, आणि त्यांस उत्तर द्यावयास अशा प्रतीवांचून दुसरा भरंवशाचा उपाय नाहीं. चौथें, रोजनाम्याचें. कोण आलें, कोण गेलें, याची नोंद ठेवावी, आणि केवळ ठेवून न थांबतां ती वाचावी. पांचवें, सत्य सांगण्याचें. चोरी झाली असतां ती झांकूं नये.

या शेवटल्या दोहोंविषयीं आपल्या देशांत स्पष्ट आज्ञा आहेत. २००४ सालीं स्थापन झालेल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशांत असें सांगितलें आहे, कीं असा प्रकार ध्यानांत आल्यापासून सहा तासांच्या आंत तो कळविला पाहिजे, आणि रोजनामे १८० दिवसपर्यंत जपून ठेवले पाहिजेत. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें अनधिकृत प्रवेश हा अपराध ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें, माहिती बाळगणाऱ्या संस्थेनें वाजवी दक्षता न घेतल्यास अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अर्थात् तो दंड सरकारजमा व्हावयाचा. बावीस हजार रुपये गमावलेल्या बाईच्या पदरांत त्यांतील कांहीं पडत नाहीं.

हें सर्व ऐकतांना माझ्यासारख्या जुन्या शास्त्राभ्यासी मनुष्यास निक्षेपाची आठवण होते. आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं अठरा पदें मनूनें मोजलीं, त्यांत ऋणादानाच्या लगेच पुढें निक्षेप येतो. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्यापाशीं ठेवलेली ठेव. आणि पेटींत घालून, मोहर लावून, आंत काय आहे हें न सांगतां ठेवलेली, ती उपनिधि. कौटिल्यानें या उपनिधीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. याज्ञवल्क्याचा निर्णय असा, कीं राजानें, दैवानें अथवा चोरानें हरण केलेली ठेव राखणाऱ्याकडून भरून घेऊं नये. प्रथमदर्शनीं हा निर्णय आमच्या ॲडमिनास फार सोईचा वाटेल. परंतु शास्त्रकारांनीं राखणाऱ्याच्या उपेक्षेस क्षमा केलेली नाहीं. ज्यानें दाराला कुलूपच लावलें नाहीं, त्यास “चोरानें नेलें” असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. चोरी व हयगय यांतील हा जो विवेक, तोच २०२३ च्या कायद्यांतील “वाजवी दक्षता” या शब्दांत पुन्हां प्रकट झाला आहे.

उपनिधीची कल्पना तर आजच्या शास्त्रास चपखल लागते. उत्तम व्यवस्थापक तुमचा परवलीचा शब्द आपल्यापाशीं ठेवीतच नाहीं. तो गणिताच्या चरकांतून काढून त्याचा असा चोथा करून ठेवतो, कीं त्यावरून मूळ शब्द परत मिळूं नये. तुम्ही पुन्हां आलां, कीं तुमचा शब्द त्याच चरकांतून काढून दोन चोथे जुळतात कीं नाहीं, एवढें तो पाहतो. म्हणजे पेटी मोहरबंद; राखणाऱ्यासहि आंतील वस्तु ठाऊक नाहीं. ज्यास ठाऊकच नाहीं, त्याच्याकडून ती फुटणार कशी? माझ्या मतें या व्यवसायांतील अत्यंत उदात्त नियम हाच आहे. रक्षकानें आपल्या स्वतःवरहि अविश्वास धरून व्यवस्था लावावी, अशी अपेक्षा फार थोड्या अधिकारांत केली जाते.

परंतु सर्व भार एका माणसाच्या शिरावर टाकून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. ठेव ठेवणारा आपण. संस्था चालविणारे आपणांपैकींच. दुरुस्तीसाठीं दोन तास यंत्र बंद ठेवूं द्या म्हटलें, कीं “आतां नको, प्रवेशाचे दिवस आहेत” असें सांगणारे विश्वस्त असतात. नव्या इमारतीच्या कोनशिलेस पैसे असतात, पण किल्ली राखणाऱ्याच्या वार्षिक वेतनास नसतात. एकट्या मनुष्यास अहोरात्र जागवावयाचें, आणि त्यानें रजा मागितली कीं कुरकुरावयाचें, यांतून पेंगलेला पहारेकरीच निर्माण होणार. आमच्या घरीं त्या लग्नांत जी पुटपुट झाली, तीहि याच जातीची होती. वैद्य रात्रीं उठून रोग्याकडे गेला तर घरच्यांस त्याचा अभिमान वाटतो. घरची मुलगी रात्रीं उठून सहस्रावधि अनोळखी लोकांच्या ठेवी राखते, तेव्हां तो अभिमान कां वाटूं नये?

आपल्या वाचकांत शाळांचे चालक आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, वाचनालयांचे व देवस्थानांचे विश्वस्त आहेत. त्यांस माझी विनंति आहे. पुढील सभेंत हिशेबाबरोबर चार प्रश्न विचारावे. आपल्या संगणकांच्या किल्ल्या आज कोणाकोणाच्या हातीं आहेत, त्यांचीं नांवें वाचून दाखवावीं. शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस लागली? प्रतीवरून पुन्हां उभारणी शेवटीं कधीं करून पाहिली? आणि आपण लोकांची जी माहिती गोळा करून ठेवली आहे, ती सर्व ठेवण्याचें कारण काय? जें ठेवलेंच नाहीं, तें चोरीस जात नाहीं. शिष्यवृत्तीचें काम संपल्या दिवशीं ती यादी पुसून टाकली असती, तर कोणत्याहि कुलुपावांचून ती माउली सुरक्षित राहिली असती.

आणि ज्यांच्या घरांत असें काम करणारीं मुलें-मुली आहेत, त्यांनीं ती रात्रीं संगणकापाशीं बसलेलीं दिसलीं असतां रागावूं नये. त्यांच्यापाशीं एक कप चहा नेऊन ठेवावा, आणि सकाळीं थोडें उशिरां उठूं द्यावें.